सूर्यास्ताआधीचा मांडव

गच्चीवर बांबू अकरा, सुतळीचे गुंडे दोन, चादरी चार, खुर्च्या चार आणि एक बुटकं स्टूल, एवढा पसारा होता. फांद्यांचे भारे तीन, त्यातला एक अर्धवट वाळलेला. सूर्य सहा वाजून दहा मिनिटांनी मावळणार होता. तिनं दादाचा फोन ठेवला तेव्हा पाचाला चार मिनिटं कमी होती.

नर्स चादरींच्या क्लिपा घेऊन वर आली, तर ही स्टुलावर बसलेली. बूट काढून बाजूला ठेवलेले, हात मांडीवर.

"अगं बये, बसलीस काय? उजेड जायला जेमतेम तास उरलाय!"

"तुम्ही बांधा. मी इथून सांगते."

सुतारानं खांद्यावरचा बांबू खाली टाकला. "आज सूर्य कुठून उगवला होता? फुटपट्टी बसणार आणि आम्ही घाम गाळणार?"

फुटपट्टी हे नाव त्यानंच ठेवलेलं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि घरीसुद्धा मीठ मोजून घालायची. या परदेशात तिघांची गट्टी जमल्यापासून ज्यूंचा मांडवाचा सण ते मिळून करत. तीन वर्षं झाली. दरवर्षी बांबू रोवण्यापासून गाठी मारण्यापर्यंत सगळं ती एकहाती करायची. बाकीच्यांनी मांडवात बसून जेवायचं, एवढंच.

"डावा खांब दोन बोटं आत घे," ती म्हणाली.

"घेतला, मालकीणबाई."

नर्स चादर ताणत होती. "आणि हे कॉलरपाशी काय झालं गं?"

"फाटलं."

"कशात अडकलं?"

"कशातच नाही."

"सणासुदीला फाटका सदरा! शोभतं का?"

"सण लागला की बदलते."

नर्सनं मान हलवली. "दादाचा फोन होता ना? घरचं सगळं झालं का?"

"झालं. दुपारीच आटोपलं म्हणाला."

"बघ! त्यांचा मांडव दुपारीच उभा, आणि आपले अजून खांब चाललेत."

घरचा मांडव बाबा बांधत. आई गेल्यापासून एकट्यानंच. दिवसा आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री फांद्यांतून चांदण्या दिसल्या पाहिजेत, हे त्यांनी तिला सात वर्षांची असताना शिकवलं होतं. तीन वर्षं तिला तो मांडव हुकला होता. यंदा तिनं तीन दिवसांनंतरचं तिकीट काढलं होतं. सण सात दिवसांचा; शेवटचे चार तरी बाबांबरोबर मिळाले असते.

"बॅग भरलीस का?" नर्सनं विचारलं.

"जात नाहीये."

"म्हणजे? रजा मंजूर झाली होती ना?"

"झाली होती. आता उशीर झाला."

नर्सनं सुताराला डोळ्यांनी खुणावलं. भावाबहिणीचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. सुतारानं घसा खाकरला.

"ए फुटपट्टी, असं तोंड पाडून कसं चालेल? तूच सांगतेस ना, या सणात रडायला बंदी आहे म्हणून?"

"सूर्य मावळल्यावर."

"आणि कुणाचं आधीचं रडायचं बाकी राहिलं असेल तर?"

"ते तिथंच संपलं असं धरायचं."

"वा! आमच्या कारखान्याला हा नियम लावा कुणीतरी. बाकी राहिलेलं काम सणाला माफ!"

नर्स खळखळून हसली. तिनं घड्याळ पाहिलं. पाच एकतीस.

पावणेसहाला तळमजल्यावरचे मास्तर धापा टाकत वर आले, हातात द्राक्षाच्या रसाची बाटली घेऊन. निवृत्त शिक्षक, त्या इमारतीत तिच्याखेरीज ज्यू तेवढेच. ती उठली नाही. तिनं नमस्कारही केला नाही.

नर्स ओशाळली. "मास्तर, हिचं मनावर घेऊ नका हं. आज आमच्यावरही रुसलीय."

मास्तरांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग कॉलरकडे. त्यांनीही नमस्कार केला नाही. बाटली खाली ठेवून ते तिच्याशेजारी नुसते उभे राहिले.

"तिला बसू दे," थोड्या वेळानं ते नर्सला म्हणाले.

"तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला!"

शेवटचा भारा वर चढला. "वाळलेल्या फांद्या मध्ये नको," ती म्हणाली. "कडेला टाक."

सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. सहा दहा.

"ऊठ, बाळ," मास्तर म्हणाले.

तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ती खाली गेली आणि नवा सदरा, बूट घालून वर आली. तिनं दिवे लावले. चारही पेल्यांत रस एकसारखा ओतला, सगळ्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, पाव मोडून वाटला. सुतारानं आपल्या मुकादमाची नक्कल केली तेव्हा ती हसली, जरा उशिरा. फांद्यांतून तीन चांदण्या दिसत होत्या.

"बघ, जमला की नाही मांडव?" सुतार म्हणाला.

"जमला. बाबांनी पास केला असता."

नर्सनं तिच्या पाठीवर हलकेच चापट मारली. "मग आता तरी सांग. एवढं काय झालं होतं की आल्यागेल्याला नमस्कारसुद्धा नाही?"

ती पेला फिरवत राहिली. मास्तरांनी आपला पेला खाली ठेवला. ते बोलले ते तिच्याशी.

"वडील गेले की फाटक्या सदऱ्यात, अनवाणी, कुणाला नमस्कार न करता सात दिवस खाली बसायचं असतं, आणि मध्ये सण लागला की तेही संपतं. तुला किती मिळाले?"

"चौऱ्याहत्तर मिनिटं," ती म्हणाली.