अर्धा सेकंद

चौतीस असायला हवी होती, पस्तीस भरली.

इंजिनियरने यादी पुन्हा वरून खाली मोजली. रुग्णालयाचा जुना सर्व्हर आठवडाभरात मान टाकणार, हे त्याच्या पंख्याच्या घरघरीवरूनच कळत होतं. त्या एका लोखंडी पेटीत चौतीस संगणक नांदत होते. खरे नव्हेत, आभासी. औषधांचा एक, रक्तपेढीचा एक, किडनीसाठी थांबलेल्यांच्या प्रतीक्षायादीचा एक. आज दिवसभरात ते सगळे शेजारच्या नव्या सर्व्हरवर न्यायचे होते, तेही चालू असताना. वॉर्डात कोणाला पत्ता लागता कामा नये.

पस्तिसाव्याला नाव नव्हतं. डिस्कही जोडलेली नव्हती. जे काही होतं ते नुसतं मेमरीत. एकदा बंद केलं की सगळं साफ. रोजचा बॅकअप इंजिनियर स्वतः तपासायचा, पण डिस्कच नसल्यावर त्यात काय दिसणार? ज्याने हे उभं केलं त्याला मागमूस ठेवायचा नव्हता, असं त्याला वाटलं. पासवर्ड टाकून पाहिले. एकही लागला नाही.

एरवी त्याने दुर्लक्ष केलं असतं. पण किडनीच्या यादीतला क्रम मंगळवारी कोणीतरी बदलला होता, आणि उद्या चौकशी समिती बसणार होती. बदल काकूंच्या नावाने झाला होता. यादीत फक्त नाव उमटायचं, बाकी काही नाही. मी तेव्हा टेबलावर नव्हतेच, असं काकू सांगत होत्या. सगळेच तसं सांगतात.

काकू म्हणजे ती यादी सांभाळणाऱ्या कारकून. तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सहा महिने. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवायच्या. त्यावरून इंजिनियर त्यांना दोनदा बोलला होता. त्यांच्या संगणकावर बारा नंबरची पिवळी पट्टी होती. इमारतीतल्या सगळ्या संगणकांवर त्या पट्ट्या गेल्या वर्षी त्यानेच चिकटवल्या होत्या, स्वतःच्या टेबलापासून सुरुवात करून.

अकराच्या सुमाराला काकू सर्व्हरच्या थंडगार खोलीत आल्या. स्वेटरची बटणं लावत दारातच थांबल्या.

"काय डॉक्टर, आज किती पेशंट हलवायचे?" त्यांचा बंद पडलेला संगणक त्याने एकदा चालू करून दिला होता, तेव्हापासून तो डॉक्टर.

"चौतीस," तो म्हणाला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

काकूंची नजर पडद्यावर यादीच्या शेवटच्या ओळीवर गेली, आणि लगेच परत आली.

"एकही बंद पडू देऊ नकोस हं. मिनिटभरसुद्धा."

"का? तुमचं काय अडकलंय त्यात?"

"माझं काय असणार? मी सहा महिन्यांची पाहुणी."

त्या गेल्या. काकूंनी आजवर कधी सर्व्हरची चौकशी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दुपारी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. ताईचं डायलिसिस चालू होतं. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं. आता तिचा हात सुजून जड झाला होता. जेवलास का, हे तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "तुझी यंत्रं चालता चालता घर बदलतात, आणि मला इथे चार तास बांधून ठेवतात."

वॉर्डात यादीचीच कुजबुज होती. ताईच्याही कानावर आली होती.

"चौथी आहे रे मी. पुढे तिघंच. मला कोणी मागे ढकललं तर?"

"कोणी ढकलणार नाही. मी बघतो."

तिने डोळे मिटले. डॉक्टरांनी त्याला स्पष्टच सांगितलं होतं: पावसाळ्यापर्यंत किडनी मिळाली तर ठीक.

चारपर्यंत चौतीस मशीन पलीकडे पोचली. पस्तिसावं उरलं. बंद करून टाकणं सोपं होतं. पण मग काकूंचं जे काही त्यात होतं ते पुसलं गेलं असतं, आणि उद्या समिती पुन्हा एकेकाचे जबाब घेत बसली असती. ते त्याला नको होतं.

त्याने ते चालू असतानाच हलवायला घेतलं. आधी सगळी मेमरी पलीकडे उतरवली. तेवढ्यात इकडे जे बदललं ते पुन्हा उतरवलं. मग त्यातही बदललेलं. शेवटी इतकं थोडं उरलं की मशीन क्षणभर थांबवून पलीकडे उठवणं शक्य झालं. तो खंड त्याने मोजला. अर्धा सेकंद. एवढं सफाईचं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

मग त्याने अधीक्षक बाईंना फोन केला.

बाई आल्या, मागोमाग काकूही. त्याने सगळं क्रमाने सांगितलं: नाव नसलेलं मशीन, नसलेली डिस्क, काकूंची सकाळची फेरी. "पासवर्ड यांना विचारा," तो म्हणाला.

बाईंनी कोणालाच काही विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि पासवर्ड स्वतःच टाकला.

"मशीन माझं आहे," त्या म्हणाल्या. "यादीत कोण कुठून हात घालतं, ते टिपायला बसवलंय. छापील कागद उद्या कोणीही खोटा ठरवेल. समितीसमोर हे चालू स्थितीतच उघडायचं होतं, आणि जुना सर्व्हर तोवर टिकेल याची खात्री नव्हती. चालू ठेवून इकडे आणणं तुमच्याशिवाय कोणाला जमलं नसतं."

काकू स्वेटरच्या बटणाशी चाळा करत राहिल्या.

पडद्यावर एकच नोंद होती. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. नाव काकूंचं. अकराव्या क्रमांकावरचा रुग्ण चौथ्या क्रमांकावर. संगणक नंबर एक.