बांधाच्या पायथ्याशी

जयरामने गुडघाभर चिखलात वाकून आणखी एक तिवराचं रोप उपटलं आणि मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. बांधावर त्याची बायको जिजा गवत कापण्याचं सोंग करत पहारा देत होती.

भादव्यातलं उधाण होतं. खाडीचं पाणी चढायला लागलं होतं आणि बांधाच्या पायथ्याशी अजून पुष्कळ रोपं शिल्लक होती. बांधापलीकडे त्याचं शेत, भाताचं पीक पोटरीला आलेलं. खारं पाणी एकदा आत शिरलं की हाताशी आलेलं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही रुसून बसते. पण जयरामला पाण्याची भीती नव्हती. पाणी बापजाद्यांपासून ओळखीचं. भीती होती ती सरकारची.

तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडायची नाहीत, असा कायदा. ती धूर गिळतात, समुद्राला थोपवतात, म्हणून सरकारने त्यांना अभय दिलेलं. गाड्यांनी आणि कारखान्यांनी धूर सोडायचा आणि तो गिळणारी झाडं जयरामने सांभाळायची, हा न्याय काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हता. त्यात शेजारच्या हरेशने सांगून ठेवलं होतं, की बांधाशी तिवर कमरेएवढं झालं की शेत सरकारजमा झालंच म्हणून समज. खरंखोटं हरेशलाच ठाऊक. जयरामची झोप मात्र तेव्हापासून उडाली. रुजेल ते रोप तो उपटू लागला, मुळांसकट, चिखलाच्या गोळ्यासकट.

"ये, कोन तरी आलाय," जिजा वरून कुजबुजली. "खाकीतला हाय."

फटफटीचा आवाज बांधाच्या टोकाशी येऊन थांबला. उपटलेल्या रोपांचा ढीग जयरामने दोन्ही हातांनी पाण्यात लोटला. ओढ जोराची होती, बघता बघता ढीग वळणाआड गेला. जिजा घसरतच खाली आली आणि दोघं बांधाला पाठ टेकून, अंग चोरून बसली.

"जयरामकाका!"

आवाज नव्या वनरक्षकाचा होता, संकेतचा. पोरगा तिवरांचं महत्त्व सांगायला दोनदा घरी येऊन गेला होता. जयरामने त्याला चहा पाजला होता, सगळ्याला मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटायला आला होता.

हाका जवळ येत गेल्या. पाणी पोटापर्यंत आलं. जिजाने त्याचा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. तिला तुरुंग दिसत होता, त्याला सातबारा. पावलं अगदी डोक्यावर येऊन थांबली, पण पुढे जाईनात. आपण गुदमरून वर येईपर्यंत हा हलायचा नाही, असं जयरामला वाटलं. वरून काहीतरी धप्प पडल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. कोणीतरी धापा टाकत होतं.

पाणी छातीला लागलं, आणि तेव्हा जयरामला ते जाणवलं. पाठीमागचा चिखल हलत होता. त्याचा सदरा कोणीतरी धरून बांधाच्या आत ओढत असल्यासारखं वाटत होतं. त्याने मागे हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

जिजाला धरून तो कसाबसा बांधावर चढला. पलीकडे, शेताच्या बाजूला, संकेत पँट वर खोचून बांधाला पडलेल्या भगदाडात ओंजळीओंजळीने चिखल लोटत होता. लोटलेला चिखल लगेच वाहून जात होता आणि भाताच्या मुळाशी पाणी पसरत होतं.

जयरामला पाहून संकेतला जराही नवल वाटलं नाही.

"शेतात पाणी शिरताना रस्त्यावरून दिसलं मला, म्हणून धावत आलो," तो धापा टाकत म्हणाला. "नुसता चिखल टिकत नाहीये, काका. ती उपटलेली रोपं द्या इकडे. मुळं असली की धरेल."

जयरामने खाडीकडे पाहिलं. वळणापर्यंत नुसतं पाणी चढत होतं, त्यावर एक पानसुद्धा नव्हतं.

त्याने आपले दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.