दोन इंचांची चकती

"माझ्या पिकपचं नाक वर करून दे," ऑर्विल म्हणाला, आणि गॅरेजवाल्या लायलचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

कोण म्हणतंय हे? तीस वर्षं धान्य-कोठारावर कॉफी ढोसत ज्यानं असल्या गाड्यांची टर उडवली, तो! रिकामी पिकप मागून थोडी उचललेली असते. पोती पडली की बसते आणि सपाट होते. कामाच्या गाडीचं हे असंच. पण ज्यांच्या हौद्यात जन्मात पोतं पडत नाही, ते पुढच्या स्प्रिंगवर चकती बसवून घेतात. रिकामी गाडीही मग सपाट उभी राहते, उगाच दांडगी दिसते. लायलच्याही गाडीला चकती होती. ऑर्विलनं तिला चारचौघांत 'बिनकामाचा पैलवान' म्हटलं होतं आणि अख्खं कोठार हसलं होतं. यंदा हिवाळाभर म्हातारा तिकडं फिरकला नव्हता. आज आयता दारात आला होता, आणि लायल त्याची जिरवल्याशिवाय सोडणार नव्हता.

"या, पैलवान! तीन इंच चढवू? दोन तर हल्ली शाळेतल्या पोरीसुद्धा बसवत नाहीत."

 फळीवरच्या चकत्या ऑर्विल एकेक करून हातात घेत होता, अंगठ्यानं जाडी चाचपत होता. दीडची परत ठेवली. अडीचचीही ठेवली.

"या वयात छाप कुणावर पाडायचीय, तेवढं तरी कळू द्या!"

"व्हर्नावर."

लायल पोट धरधरून हसला. लग्नाच्या बायकोवर! उद्या कोठारावर हे तिखटमीठ लावून सांगायचं, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"ही दोनची बसव," ऑर्विल म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत होईल ना? चाळीस वर्षं सांगत होती ती, ह्या गाडीत सीटवरून पुढं घसरायला होतं, जरा सपाट करून घ्या. मी म्हणायचो, मी काय सर्कशीत आहे? हिवाळाभर अंथरुणाला होती, आज पहाटे गेली. पेटी मीच केलीय. तिच्या माहेरच्या दफनभूमीत न्यायचीय, साठ मैल. एकदा तरी सपाट न्यावी म्हटलं."

लायलला स्वतःची शरम वाटली. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, पण तोंडी आली ती गॅरेजातलीच भाषा.

"पण ऑर्विल... मागं ओझं आलं की गाडी आपोआप बसतेच की. चकती कशाला लागते?"

"ओझं?" ऑर्विलनं चकती त्याच्या हातात ठेवली. "ती उरलीय कुठं तेवढी? तिच्या वजनानं ही गाडी केसभरही बसायची नाही."