दोन तासांचं अपग्रेड

"खोलीतून निघताना मागे वळून बघावं गं. दिवा उगाच कुणाच्या नावाने जळत ठेवायचा?"

आईचा आवाज. साठ वर्षांपूर्वीचा, तरी कानात जसाच्या तसा. शेवटी शेवटी आई लेकीचं नाव विसरली, आपण जेवलो की नाही ते विसरली. हे वाक्य तेवढं विसरली नाही. म्हणून तर विसरण्याच्या खुणा त्या लेकीला आता लांबूनही ओळखता यायच्या. आणि गेले दोन महिने त्या तिला नवऱ्यात दिसत होत्या.

"गेलं," तो म्हणाला. "परत गेलं."

ती हात पुसत त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मशीनचा, त्याच्या कॉम्प्युटरचा, पडदा काळाठिक्कर. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि तिच्या टोकाशी उघडझाप करणारी एक बारीक रेघ. बाकी काही नाही.

"काल दुपारी अपग्रेड लावलं होतंत ना?"

"लावलं होतं. दोन तासांचं काम. मध्येच बंद झालं की सगळं अर्धवट राहतं. जुनं धड निघत नाही, नवं धड बसत नाही."

"मग बंद केलं कोणी?"

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"मीच केलं असेल. विसरलो."

उभा जन्म घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तिळाएवढा स्क्रू जमिनीवर पडला तर गुडघे टेकून तासभर शोधणारा. त्याच्या तोंडून 'विसरलो' ऐकलं की तिला आईच आठवायची.

मशीन जुनं. नवी सिस्टीम त्याला पेलवत नव्हती, म्हणून दुकानदाराने लिनक्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. "हलकं आहे, फुकट आहे. पण आजोबा, शिकावं लागेल." या वयात ही डोकेफोड कशाला, असं ती म्हणाली होती. त्याने ऐकलं नाही. त्याला तिची गाणी त्यात भरून ठेवायची होती. पाळण्याची, शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या म्हणायची, आईकडून आलेली, सगळी, तिच्याच आवाजात. आणि आवाज भरायचा प्रोग्राम अपग्रेड झाल्याशिवाय चालत नव्हता. एवढी घाई कशाची, हे तिने कधी विचारलं नाही. निघायची चाहूल लागलेला माणूस शिदोरी बांधायला घेतो, तसंच असणार.

"वही घे," तो म्हणाला.

वहीत त्याने दुरुस्तीच्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. ती वाचायची, तो करायचा. मशीन सुरू होताना बटण दाबून धरायचं. यादी आली की त्यातून जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा जुना गाभा, निवडायचा. जुना अजून जिवंत होता. नव्याच्या पाठीमागे मुकाट उभा होता, हाक मारली की यायचा.

"पाच. दुरुस्तीची ओळ लिहा. सहा. पासवर्ड."

तो टाइप करू लागला. पडद्यावर एक टिंबही उमटेना.

"अहो, घेत नाहीये ते."

"घेतंय. दाखवत नाही फक्त."

"म्हणजे तुमच्यासारखंच."

"दर वेळी हाच टोमणा," तो म्हणाला, हसला आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

मशीन घरघरू लागलं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. त्याने कागद कापून वर चिकटवला: 'अपग्रेड चालू आहे. बंद करू नये.' असे कागद आता घरभर झाले होते. नळावर, शेगडीवर, औषधांच्या डबीवर.

"कोणासाठी एवढं?"

"माझ्यासाठीच. आठवायला हवं ना."

आईनेही अशाच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पुढे तिला त्या वाचता येईनात.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. नवरा आंघोळीला गेलेला बघून तिने आवाज खाली केला.

"आज अकराची वेळ आहे डॉक्टरांची. बाबांनी सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. तुझ्याशी बोलले का गं ते? कबूल केलं?"

"सगळं बोलले, आई."

"मग एक ऐक. एवढ्यात आम्हाला तुझ्याकडे हलवायचं काढू नकोस. हे घर सुटलं तर ते खचतील. माझं डोकं शाबूत आहे तोवर मी त्यांना सांभाळीन."

 पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"रडतेस काय वेडे. मी आहे ना त्यांना."

साडेदहाला तो तयार होऊन जिना उतरायला लागला. "परत येईपर्यंत होईल ते," खालून म्हणाला. "आज तरी होईल."

तिने मागे वळून बघितलं. नळ, शेगडी, खिडक्या, दिवे. लेकरं थोपटून निजवावीत तशी एकेक खोली निजवत ती दारापर्यंत आली. घरात कसलीच घरघर उरली नाही. मग तिने कुलूप लावलं.

दवाखान्यातल्या बाकावर तो अगदी कडेला टेकून बसला होता. चष्मा पुसून झाला होता, तरी पुसत होता. 

"घाबरता काय," ती म्हणाली. "तुम्ही विसरलात तर मी आठवण करून देईन. दोघांत मिळून एक डोकं पुरे झालं आपल्याला."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

परिचारिका हातात कागद घेऊन बाहेर आली. "पेशंट कोण?"

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे."

परिचारिकेने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पण इथे तर..."

"थांबा," तो म्हणाला. "मी सांगतो."

त्याने खांद्यावरचा तिचा हात काढून स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

"अगं, मशीन मी एकदाही बंद केलं नव्हतं. नाव तुझं दिलंय."