हाकेच्या अंतरावर

“आवाज कमी कर,” चहाचे कप घेऊन येता येता ती म्हणाली.

फिटरने कमी केला. आता त्याचं कमी म्हणजे काय, तर समोरच्या इमारतीतल्या माणसांना आपापसात बोलता यायला लागलं, एवढंच. दणादण ड्रम आणि वर तिघं-चौघं बोंबलतायत, अशी त्याची आवड.

“अजून.”

“अगं, अजून कमी केला तर बंदच पडेल.”

“मग बंद कर.”

त्याने बंद केला आणि तोंड पाडून चहात बिस्किट बुडवलं. तिने आपलं गाणं लावलं. एक ओळ, मग केवढीतरी शांतता, मग पुन्हा तीच ओळ. फिटरने जरा वेळ वाट बघितली.

“हा बाबा मध्येच जेवून येतो का?”

तिला हसू आलं. खोटं कशाला बोला, हा माणूस तिला फार आवडायचा. ती कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला होती. पत्र्याच्या कारखान्यात फिटर म्हणून ठोकाठोकी करून याचे कान अर्धे गेलेले. तपासायला म्हणून आला आणि मग काही ना काही निमित्त काढून येतच राहिला. बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाहीत, हे तिनेच त्याला काचेच्या खोलीत बसवून पाहिलं होतं. मशीन त्याने घेतलं, पण इथे आला की ते काढून खिशात. गाणं लागलं की कानात शिट्ट्या मारतं म्हणे.

ताईला हे सगळं फोनवर कळत होतं. “गाण्यांवरून कुणी माणूस सोडतं का गं?” ती म्हणायची. “तुझ्या भाऊजींना तर गाणंच नको असतं. बातम्या लावतात आणि बातम्यांवर ओरडत बसतात. झालाच ना माझा संसार?”

ताईचं बरोबर होतं. पण ताई लग्न होऊन गेली आणि आईपाशी राहिली ती ही. आई अंथरुणाला खिळली, तशी घरातली मोठ्या आवाजाची गाणी एकेक करून बंद झाली. आईची हाक कधी येईल याचा नेम नसायचा, ती गाण्यात बुडायला नको. मग उरली ती अशी, मध्ये फट असलेली गाणी. ओळ संपली की हिचा कान आतल्या खोलीकडे. लोक म्हणायचे, काय सुरेख आवड आहे हिची. आवड कसली डोंबलाची.

आई गेल्या वर्षी वारली. हाक मात्र यायची थांबली नाही. दुपारची यायची, दोन ओळींच्या मधून, अगदी स्पष्ट. ती “ओ” म्हणून आत जायची. पलंगावर नुसती गुंडाळलेली गादी. आधी आधी तिची पाचावर धारण बसायची. मग सवय झाली. आणि मग, कुणाला सांगायची सोय नव्हती, पण ती त्या हाकेची वाट बघायला लागली. तिला नावाने बोलावणारं त्या घरात दुसरं होतं कोण?

फिटर यायला लागला आणि तो असेल त्या दुपारी हाक येईनाशी झाली. तो आला नाही की पुन्हा सुरू. याच्या धडामधूममध्ये आईचा आवाज बुडतो, दुसरं काय असणार? म्हणून ही आवाज कमी करायला लावायची. कशाला, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, “आई आहे आत.” झालं. त्यानंतर आईला बरं नाही, आईचा आत्ता कुठे डोळा लागलाय, आईला नवीन माणूस चालत नाही. थापेवर थाप.

आज फिटर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने कप खाली ठेवला.

“आज मला काकूंना भेटायचंय. रीतसर विचारायचंय त्यांना.”

“आज नको रे.”

“तुझं नेहमीचंच. असं बाहेरच्या खोलीतनं किती दिवस चालणार? हे बघ, गाण्यांचं काही नाही. तुझी गाणी मी ऐकीन, डुलकी लागली तर उठव. पण मला आत न्यायची लाज वाटत असेल, तर तसं सांग. मग मी नाही यायचा.”

हे तो हळू आवाजात बोलला. हळू बोलणं त्याला कधी जमायचं नाही. खरं सांगावं तर हा वेडी समजून जाणार. न सांगावं तर रागावून जाणार. जायचाच असेल तर निदान खरं ऐकून जाऊ दे, असं तिने ठरवलं. तिने गाणं बंद केलं आणि त्याला ओठ नीट दिसतील अशी समोर जाऊन बसली.

“आई नाहीये रे.”

“बाहेर गेल्यात?”

“वारली. गेल्या वर्षीच. आत कुणी नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

फिटरने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तू चहा टाकायला गेलीस की मी दर वेळी आतल्या हाकेला ओ देतो,” तो म्हणाला, “ती कुणाला?”