खालच्या वळणाचं पाणी

एकविसाव्या दिवशीही फेस उतरला नव्हता.

राधाकृष्ण सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दोन्ही बाटल्या पुन्हा एकदा हलवल्या आणि खिडकीच्या उजेडाला धरल्या. एकीत उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत ओढ्याचं. दोन्हींत धुण्याची पावडर सारखीच, चिमूटभर. दोन्हींवर फेसही सारखाच, बोटभर.

“उकळलेल्या पाण्यात जंतू उरत नाहीत, तिथं फेस राहणारच,” सर म्हणाले. “पण ओढ्यातल्या जंतूंनी एवढ्या दिवसांत ही पावडर खाऊन संपवायला हवी होती. त्यांनी तिला तोंडच लावलेलं दिसत नाही. म्हणजे ती पाण्यात तशीच साचत राहणार, दयाबाई.”

दयाबाई दाराशी उभी होती. ओढ्याकाठच्या शेडमध्ये ती पावडर भरायची. फेस गुरांच्या पाण्यात येतो अशी गावाची तक्रार होती. शेडमधल्या तीस बायकांनी तिला निकाल ऐकायला पाठवलं होतं. साऱ्या ओढ्याच्या खालच्या वळणावरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या.

“मंग उद्यापासून शेड बंद?”

“मी फक्त लिहून द्यायचं. संध्याकाळी पंचायतीत वाचतील. फेस जिरला नाही तर बंद, असं ठरलंय त्यांचं.”

“एकवीस दिस झालं, सर! एवढ्यात आमच्या भाचीचं लग्न जमून मोडलं. ह्यो फेस काय मोडंना.”

सरांना हसू आलं नाही. दयाबाईच एकटी हसली आणि तिने पदराने तोंड पुसलं.

टेबलाच्या पलीकडे शाळेच्या शिपाई मनकर्णाबाई काचेच्या नळ्या पुसत होत्या. एकच नळी त्या मघापासून पुसत होत्या. श्रावणी सोमवारचा उपास, सकाळपासून पाण्याखेरीज पोटात काही नाही. समोरच्या बाटलीवर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : खालचं वळण, २६-७-७१.

सरांनी कागद ओढला. मग काहीतरी मनात येऊन थांबले.

“मनकर्णाबाई, पाणी वळणावरचंच आणलं होतं ना?”

“त्यास्नी काय इचारता, सर?” दयाबाई मध्येच म्हणाली. “बाराही महिनं देवाचं करनारी बाई ती. तिच्या तोंडून खोटं न्हाई निघायचं. ल्ह्या तुमी, काय ल्ह्यायचं ते.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं. वर तारीख घातली. खाली लिहिलं, ‘ओढ्याच्या पाण्यात सदर पावडर...’

“सर, लिहू नका.”

मनकर्णाबाईंनी नळी टेबलावर ठेवली.

“ते पाणी वळणावरचं न्हाई. देवळाच्या विहिरीचं हाय. माझ्या घरच्या तांब्याच्या हंड्यातलं. फडक्यानं गाळून भरलं.”

“तांब्याच्या हंड्यातलं? वर गाळून?” सर उभेच राहिले. “अहो, मग त्यात जंतू राहणार कुठून? जिथं फेस जाऊन पोचतो तिथलंच पाणी हवं म्हणून तर तुम्हाला पाठवलं होतं. दहा मिनिटांची वाट. का नाही गेलात?”

“त्या दिवशी बी सोमवार हुता. पूजा व्हायची हुती. आन् तितं...”

त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या.

“तितं आमी ऱ्हातो, सर,” दयाबाई म्हणाली. वाट चुकलेल्याला पत्ता सांगावा, तशी.

सरांनी कागद फाडला.

“आणखी तीन आठवडे मागून घेतो. देतील की नाही, सांगता येत नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता जा.”

मनकर्णाबाई रिकामी बाटली घेऊन निघाल्या. दयाबाई पुढे चालत होती. वाटेत ती एकदाच बोलली, “चिखल हाय, बगून या.”

वळणावर दगडांना फेस अडकला होता. एका बाईने धुणं थांबवून यांच्याकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी नेसणं वर खोचायला बाटली खाली ठेवली, तोवर दयाबाईने ती उचललीसुद्धा.

“मी जाते,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मलाच जाऊ द्या.”

“उपाशी पोटी कुटं उतरता? शेवाळ हाय. पडल्या-बिडल्या तर आमच्यावर यील.”

दयाबाई गुडघाभर पाण्यात गेली. पायाने तळ ढवळून तिने बाटली बुडवली. गढूळ पाणी भरून, बूच लावून वर आली. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. अगदी पुढे.

दयाबाईने त्या हातांकडे पाहिलं. मग ती वाकली, मधल्या दगडावर बाटली ठेवली आणि दोन पावलं मागं सरली.

“उचला,” ती म्हणाली. “सांजची पूजा ऱ्हायली असंल तुमची.”

मनकर्णाबाईंनी तिच्या आवाजात टोमणा शोधला. तो नव्हता. त्यांचे पुढे केलेले हात तसेच राहिले.