गच्चीवरचा पक्षी

"बाबा, वरचं बटण लावा," सून कुजबुजली. "आणि एकदा बोलायला लागलात की कुठंतरी थांबा हं."

"आज मी बोलणारच नाही," सासरे म्हणाले आणि खुशाल पाय हलवत बसले. जसं काही नाटकाला आलेत.

सुनेचा जीव मात्र टांगणीला. सगळं लफडं तिच्याच हातचं होतं. चार वर्षांपूर्वी तिनंच सासऱ्यांना फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेटवर टाकायला शिकवलं. तेव्हापासून हा रिटायर्ड पोस्टमन रोज पहाटे गच्चीवर जायचा. एकटाच. मागून कुणी आलं की खेकसायचा, "पक्षी उडवाल माझा!" आणि अर्ध्या तासानं खाली यायचा तो आवाज घेऊनच. तीन लांब सूर, मग जरा अडखळल्यासारखं, मग एक चढता सूर. घरात तो पक्षी कुणाला दिसला नव्हता, पण गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या फोनमध्ये सकाळचा गजर तोच होता.

मग एका वकील कंपनीची नोटीस आली. हा आवाज आमच्या अशिलाच्या मालकीचा, तुम्ही चोरलात, तसं लिहून द्या. आठवडाभरात सासऱ्यांची सगळी रेकॉर्डिंगं नेटवरून गायब. गल्लीतली कार्टी विचारायला लागली, "आजोबा, तुम्ही आवाज चोरता?" अडतीस वर्षं पाकिटं वाटली, एक कधी उघडून बघितलं नाही, अशा माणसाला!

कंपनीनं अशा हजारो नोटिसा धाडल्या होत्या. लोक घाबरून सही करून मोकळे व्हायचे. शेवटी तक्रारींचा असा ढीग पडला की वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळानं कंपनीलाच समोर उभं केलं. तुमचा एक तरी दावा खरा असल्याचं दाखवा, नाहीतर सनद रद्द. कंपनीनं हजारांतून सासऱ्यांचीच केस निवडली. म्हातारा माणूस, सोबत वकील नाही, हा काय बोलणार? आज इथं दावा खरा ठरला की सासऱ्यांना सही करावीच लागणार होती. मी चोर आहे म्हणून.

कंपनीचा वकील उठला. बूट असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. त्यानं आधी अशिलाचं रेकॉर्डिंग लावलं, मग सासऱ्यांचं. दोन्ही डिट्टो.

"अध्यक्षबाई, हा दुर्मिळ पक्षी. आमच्या अशिलानं जंगलात नऊ दिवस झाडावर बसून हा आवाज टिपलाय. हे शपथपत्र, ही माझी सही."

सून ताडकन उठली. "पक्षी काय कुणाच्या मालकीचा असतो? आमच्या गच्चीवर पण येतो तो!"

"ताई, तुम्ही पाहिलाय?"

सुनेनं सासऱ्यांकडे बघितलं. म्हातारा गालातल्या गालात हसत होता. तिला असा संताप आला!

"तिसऱ्या सुरानंतर तो अडखळतो बघा," वकील रंगात आला. "ही त्या एकाच पक्ष्याची खोड. तज्ज्ञांकडून तपासून घेतलंय. दुसऱ्या कुठल्याच गळ्यातून हे निघणं शक्य नाही. म्हणजे आजोबांनी आमचंच रेकॉर्डिंग उचललं."

"शपथेवर सांगताय?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खोटं निघालं तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"शपथेवर सांगतो. सनद पणाला लावून."

"लिहून घ्या," बाई कारकुनाला म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?"

"सांगायचं काही नाही, बाई. घोटभर पाणी मिळेल?"

सुनेनं कपाळाला हात लावला. "बाबा, अहो, तोंड उघडा की!"

"थांब गं जरा."

शिपायानं पाणी आणलं. सासरे ते सावकाश प्यायले. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला, खिशातून रुमाल काढला. वरची कवळी काढून त्यात गुंडाळली, पुरचुंडी सुनेच्या हातात दिली आणि ओठ गोल केले.

तीन लांब सूर, बारीकशी अडखळ, आणि मग तो वर चढत गेलेला सूर.